वयाची पट्टी

घरगुती प्रार्थनेला पेटीचा भाता मोकळा करण्याआधी मी जमलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवते. नुसत्या तरुण मुली असल्या तर काळी पाच धरायला हरकत नसते. पुढच्या सतरंजीवर आज्या बसल्या असतील तर काळी तीन. त्याच्या वर गेलं की अंतऱ्याला त्यांचा आवाज पोचत नाही आणि त्या गप्प होतात. पुरुष-बायका एकत्र असले की कुणाला जरा वर, कुणाला जरा खाली गावं लागतं. गीतांच्या पुस्तकात चाल सांगितलेली असते, पण पट्टी समोरच्या माणसांची वयं बघून ठरवायची असते. आणि वरच्या पट्टीत गायलेलं गीत देवाला जास्त पोचतं, असं कुणी म्हणणार नाही. प्रार्थनेबाबत मात्र आपण सर्रास तसं समजतो. आवेशानं केलेली, लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारी प्रार्थना खरी, आणि लहान मुलानं पाठ म्हटलेली किंवा म्हाताऱ्या माणसानं दोन शब्दांत संपवलेली कमी प्रतीची. भोर-वेल्ह्याच्या घराघरांतून गाणं चालवताना मला हे समजणं पार चुकीचं वाटू लागलं आहे.

आमच्याकडे ख्रिस्ती घरं विखुरलेली. चेलाडी फाट्यावरून आत वळलं की नसरापूर, मग आंबवणे, मार्गासनी, विंझर आणि तोरण्याच्या पायथ्याशी वेल्हे. या भागातल्या उपासनेला शंभरावर वर्षांचा इतिहास आहे. १८९३ साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या चार्ल्स रीव्ह यांनी ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’ सुरू केलं आणि नसरापूर हे त्या मिशनचं एक मुख्य ठाणं झालं. शहरं सोडून खेड्यांत जायचं, हा त्यांचा हेतू नावातच होता. पण इथल्या माणसांच्या तोंडी जी गीतं बसली ती भजनाच्या चालीची, नारायण वामन टिळकांची, कृष्णराव सांगळ्यांची. टाळ हातात आला की इथल्या माणसाला कसं गायचं ते शिकवावं लागत नाही.

मुलांबद्दल माझं मत जरा ठाम आहे. संडे स्कूलमध्ये मुलांना कळेल तेवढंच द्यावं, हातवारे करायची दोन ओळींची गाणी शिकवावीत, असं हल्ली सगळीकडे सांगतात. ती गाणी मीही घेते, मुलांना आवडतात. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला मी मोठ्यांचं भजनही पूर्ण पाठ करायला लावते, अर्थ कळो न कळो. पंडिता रमाबाईंचं बालपण बघा. आई लक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडून लहान वयात भागवताचे हजारो श्लोक पाठ करून घेतले. दुष्काळात आईवडील गेले, देशभर पायपीट झाली, १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं बाप्तिस्मा झाला. आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत केडगावला बसून याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या तोवर ते काम हातावेगळं झालं होतं. पाठांतरानं घोटलेली जीभ होती म्हणून ते झालं, असं मला वाटतं. लहानपणी तोंडात पडलेली भाषा पुढे कशाला उपयोगी पडेल हे शिकवणाऱ्याला कुठं ठाऊक असतं?

रमाबाईंची आणखी एक गोष्ट मी दृढीकरणाच्या वर्गाला आवर्जून सांगते. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ कबूल केलं आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्ताची ओळख त्यानंतर साताठ वर्षांनी झाली. एवढी विदुषी, एवढी धाडसी बाई, आणि तिलाही वेळ लागला. पंधरा-सोळा वर्षांची मुलं हे ऐकून सुटकेचा श्वास सोडतात. आपल्याला आतून काहीच वाटत नाही, ही त्या वयातली भीती फार मोठी असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही.

तरुणांचं सगळं मोठ्या आवाजात. गिटार, टाळ्या, फोनवरून उचललेली हिंदी गीतं, सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करणं. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना ते खपत नाही. त्यांना मी रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनाची आठवण करून देते. १९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण येईल म्हणून विचारलं तेव्हा सत्तरेक मुली पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली, आणि मग जे संजीवन झालं त्यात मुली तासन्‌तास एकदमच, मोठ्यानं, रडत प्रार्थना करत होत्या. रमाबाईंना शिस्त प्रिय होती, तरी त्यांनी ते दडपलं नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात घडलेलं आहे हे.

तरुणांच्या सभेत मी फक्त एका गोष्टीचा हट्ट धरते: एक स्तोत्र शेवटपर्यंत वाचायचं, आणि महिन्यातून एकदा तरी ते विलापाचं असायला हवं. नव्या गीतांमध्ये विजय भरपूर असतो. शिरवळच्या कंपनीतून एखाद्या मुलाला कामावरून कमी करतात, घरी आई आजारी असते, तेव्हा विजयाची गीतं त्याच्या घशातून बाहेर पडत नाहीत. देवाला ‘कुठवर?’ असं विचारायची मुभा बायबलातच आहे, हे त्याला आधीपासून ठाऊक असलेलं बरं.

मग संसार. या वयाच्या प्रार्थनेबद्दल प्रवचनात फार कमी ऐकायला मिळतं, कारण ती करणाऱ्यांना सभेला यायलाच सवड नसते. जुलैत गुंजवणीच्या खोऱ्यात भातलावणी सुरू झाली की बायका पहाटे भाकरी बडवतात आणि दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. रात्री त्यांना बायबलचा एक अध्याय वाच म्हणणं हा जुलूम आहे. त्यांना मी एवढंच सांगते की रोपाची मूठ सोडताना घरातल्या एकेकाचं नाव घ्या. आपल्याकडे घरगुती सभेत ‘प्रार्थनेचे विषय’ विचारतात. या वयातल्या बायकांनी सांगितलेले विषय मी वर्षानुवर्षं ऐकते आहे: म्हैस आटली, पोरीचं स्थळ लांबलं, सातबाऱ्यावर अजून नाव चढलं नाही, धाकट्याचा ताप उतरत नाही, मालकांची दारू. शिकलेल्या माणसाला वाटतं की ही देवाकडे लावलेली नुसती मागण्यांची यादी आहे. मला तसं वाटत नाही. यांतला जवळजवळ एकही विषय त्या बाईच्या स्वतःपुरता नसतो. तिचा गुडघा सुजलेला असतो आणि तो विषय शेजारीण सांगते.

नवरा-बायकोची चाल सारखी नसते, हेही याच वयात ध्यानात येतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० साली. मधल्या काळातली ताटातूट, सोवळं-ओवळं, राग, ओढ सगळं लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. त्या आपल्या पायांनी आल्या. टिळक पुढे १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ थाटून बसले, ते पंचावन्नाच्या घरात असताना. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले सगळेच ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यांना एकत्र हवे होते. त्या वयात माणसं सहसा आहे ते सांभाळतात. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अकरा अध्यायांवर थांबलं होतं. लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. आमच्या महिला मंडळात कुणी म्हणालं की आता आमचं काय वय राहिलं शिकायचं, की मी हे आकडे सांगते.

म्हातारपणाच्या प्रार्थनेसाठी मला १३१ वं स्तोत्र फार जवळचं वाटतं. तीनच ओव्यांएवढं. त्यात दूध तुटलेलं मूल आईपाशी बसलेलं आहे. अंगावर पिणारं मूल आईजवळ येतं ते भुकेनं. हे मूल नुसतं तिच्यापाशी असायला म्हणून येतं. प्रार्थनेचे विषय संपले तरी प्रार्थना संपत नाही, हे इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठं सापडलं नाही मला.

वेल्ह्याच्या वाटेवरच्या एका घरात एक आजी आहेत. पूर्वी त्यांना प्रार्थना करायला सांगितलं की भाकरी गार व्हायची, एवढी लांब चालायची. आता त्या फक्त नावं घेतात. थोरला, त्याची बायको, त्यांची मुलं, मग पुण्यातली लेक. मध्येच धागा तुटतो आणि पुन्हा थोरल्यापासून सुरुवात होते. त्यात कधी वारलेल्या भावाचंही नाव येतं. सुनेला ओशाळल्यासारखं होतं, ती हलकेच ‘आमेन’ म्हणून थांबवायला बघते. मी तिला खुणेनं थांबवते. आजींनी आयुष्यभर ज्यांच्यासाठी मागितलं ती माणसं त्या देवापुढे उभी करताहेत. काय मागायचं ते आता त्याच्यावर सोडलं आहे. याहून पुरी प्रार्थना कशी असते?

गातानाही त्या पुस्तकातल्या चालीत गात नाहीत. जात्यावरच्या ओवीसारखी संथ, शेवटच्या अक्षरावर रेंगाळणारी त्यांची चाल आहे. मी पेटीवर त्यांच्यामागून जाते. आणि त्यांना सगळी कडवी येतात. आमच्या उपासनेत वेळ वाचवायला पहिलं, दुसरं आणि शेवटचं कडवं घ्यायची पद्धत पडली आहे. जी मधली कडवी गळतात त्यांत बहुधा दुःखाची, मरणाची, पश्चात्तापाची कडवी असतात. मुलं ती कधी ऐकतच नाहीत, आणि ज्या वयात त्यांची गरज पडेल त्या वयात ती त्यांच्यापाशी नसतील.

म्हणून यंदाच्या कापणीच्या सणाला, इंद्रायणी भाताच्या पहिल्या पेंढ्या वेदीपाशी ठेवताना, एकही कडवं गाळायचं नाही असं पाळकसाहेबांशी बोलून ठरवलं आहे. पहिलं कडवं संडे स्कूलचं, मधली आज्यांची, त्यांच्याच चालीनं आणि त्यांच्याच पट्टीत. तरुणांनी तेवढ्यापुरती गिटार खाली ठेवायची, याला तेही तयार झाले आहेत. त्या मुलांतली एक मुलगी मधली कडवी फोनवर टिपून घेण्यासाठी आजींकडे जाऊन आली. तिला अजून दोन ओळी मिळालेल्या नाहीत. आजींना त्या गाताना आठवतात, सांगताना आठवत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी मी पेटी घेऊन तिच्याबरोबर जाणार आहे.