चार घोडे, चार उंट

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर वह्यापुस्तकांच्या एका दुकानाच्या पायरीवर बुद्धिबळाचा पट अंथरला होता, गुंडाळून पिशवीत टाकायचा असतो तसला, हिरव्या-पांढऱ्या घरांचा. एका बाजूला सातवी-आठवीतला मुलगा, दुसऱ्या बाजूला त्याचा अज्जा. मुलानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. अज्जानं ते उचलून एक घर मागं ठेवलं. मुलानं पुन्हा पुढं नेलं, अज्जानं पुन्हा मागं.

"हंगल्ल, अज्जा!"

"हंगऽ!" म्हणजे, असं नाही; असंच!

मी औषधं आणायला निघालो होतो, तिथंच थांबलो. माझं मत अज्जाच्या बाजूनं. आपल्याकडच्या जुन्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. किल्लेकोट नव्हता, राजाला शह बसलेला नसेल तर त्याला आख्ख्या डावात एकदा घोड्याची उडी मिळायची, बस्स. आणि पार पोचलेलं प्यादं हत्तीच्या घरात हत्ती व्हायचं, उंटाच्या घरात उंट. आता कुठंही पोचा, वजीर मागा. मला हा जरा फुकटचा मामला वाटतो.

पंजाबचा सुलतान खान याच खेळावर वाढला. परदेशी नियम त्यानं ऐन विशीत शिकून घेतले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं मारली. त्याच्याही शंभर वर्षं आधी तिरुपतीकडचे त्रिवेंगडाचार्य शास्त्री पुण्याला दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला होते. बुद्धिबळावर त्यांनी संस्कृतात ग्रंथ रचला. तो १८१४ साली मुंबईत इंग्रजीत छापला गेला, पण युरोपी पद्धतीला जुळवून. अज्जाचं प्यादं दोनशे वर्षांपूर्वी छापखान्यातच हरलं होतं म्हणायचं.

ज्याच्या नावाचा हा रस्ता, तो लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईतही त्याचा एक रस्ता आहे, रेडिओच्या सुट्या भागांचा. त्याला डॉ. भडकमकर मार्ग हे नाव मिळून जमाना झाला, तरी लोक लॅमिंग्टनच म्हणतात. हुबळी १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभारात. त्यामुळं की काय, माझ्या मामाचं बुद्धिबळ बंगळूरकडे तोंड करून कधी बसलंच नाही. त्याची काशी सांगली.

मामा रेल्वेच्या वर्कशॉपात होता. उन्हाळ्याची सुट्टी लागली की पासावर मला घेऊन मिरजेच्या गाडीत बसायचा. सांगलीत १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं. मंडळाच्या उन्हाळी स्पर्धांना गावोगावची माणसं यायची. पोस्टातला कारकून, कॉलेजातली पोरं, पेन्शनर. बाहेर डबे घेऊन बसलेल्या आया. आत शंभरेक माणसं आणि आवाज फक्त घड्याळांचा. ती घड्याळं मला पटापेक्षा आवडत. एका पेटीत दोन तोंडं, वर दोन खटके. काटा बाराकडे सरकला की लाल पातं इवलंइवलं उचललं जायचं, आडवं व्हायचं, आणि वेळ संपली की टपकन पडायचं. समोरच्याचं पातं उचललेलं बघून त्याच्याकडे न बघण्याची कला काही लोकांना साधलेली असे. मामाला नव्हती. तो सरळ पात्याकडे टक लावून बसायचा.

पण खरी शाळा व्हरांड्यात. हरलेला आणि जिंकलेला दोघंही लगेच बाहेर येऊन दुसरा पट ओढायचे. "इथं उंट मारला असता तर?" "मारा की. घोडा इथं येतो." "मग हत्ती?" भोवती पाच-सात डोकी गोळा व्हायची, त्यातलं एखादं न विचारता हात घालून सोंगटी हलवायचं. एकदा दोन वेण्यांच्या एका पोरीनं मामाला हरवलं आणि वर व्हरांड्यात त्याला तासभर समजावलं की तो नेमका कुठं हरला. मामानं चहा मागवला, तिला बोर्नव्हिटा. पुस्तकातून मी पुढं पुष्कळ वाचलं, पण असं कुणी समजावलं नाही.

सांगलीच्या पोरींना कमी लेखायची सोयच नव्हती. भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय विजेती. त्याआधी १९७४ पासूनची जवळजवळ दहा वर्षं खाडिलकर भगिनींची: वासंती, जयश्री, रोहिणी. राहायला मुंबईत, पण नाटककार काकासाहेब खाडिलकरांचं हे घराणं मूळ सांगलीचंच. रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा आरडाओरडा झाला. प्रकरण जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेलं आणि बाईला अडवता येणार नाही, असं ठरलं. २०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक घेतला, तेव्हा मला मामाची फार आठवण झाली. त्यानं पेढे वाटले असते, आणि वर तिच्या एखाद्या चालीत खोड काढली असती.

मामाला उंट प्यारे. मला उंट कधीच आवडला नाही. जन्मभर एकाच रंगाच्या घरांतून फिरायचं, हे काय जिणं! परतीची गाडी उशिरा असली की मिरज स्टेशनावर हा वाद हमखास पेटायचा आणि डब्यात चढूनही चालू राहायचा. शेवटी घटप्रभेला चहा झाला की मामा चुंबकाचा छोटा पट काढायचा. मला चारही घोडे द्यायचा, स्वतः चारही उंट घ्यायचा. दोन घोडे माझ्या रंगाचे, दोन त्याच्या. घोटाळा नको म्हणून परक्या सोंगट्यांच्या मानेला पिशवीतला दोरा बांधायचा. "हं, खेळ आता."

बेळगाव येईतो माझे दोरावाले दोन्ही घोडे गेलेले असत.