गाळपेरावरची टिटवी

थंडी ओसरू लागली की भिगवणच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागते. सगळ्यांना रोहित बघायचे असतात, म्हणजे फ्लेमिंगो. बघावेतच. उजनी धरणाच्या उथळ पाण्यात त्यांचा थवा माना खाली घालून चिखल गाळत उभा असला की बडबड्या माणसाचीही बोलती बंद होते. पण मला विचाराल तर चैत्रातली उजनी ही टिटवीची.

आजीला तिचं वावडं होतं. रात्री टिटवी घरावरून ओरडत गेली की ती उठून बसायची. कुणाचं तरी बरंवाईट होणार म्हणायची. तिचं माहेर भीमेच्या काठचं. १९८० साली धरण पुरं झालं, त्याच्या पाण्यात गेलं. त्याआधी टिटव्या फार ओरडल्या होत्या, असं ती शेवटपर्यंत सांगत असे. टिटवी रात्री जागीच असते, कोल्हं-कुत्रं फिरकलं तरी बोंब ठोकते, हे तिला कोण सांगणार? वडिलांचा हिशेब वेगळा. टिटवीनं अंडी खोलगटात घातली की पाऊस बेताचा, उंचवट्यावर घातली की दणकून. पाणी हटलेल्या गाळावर ते चाऱ्याचा मका टाकायचे, आणि औत नेण्याआधी टिटवीची जागा हेरून तेवढा तुकडा सोडायचे. पावसाचा अंदाज कितपत खरा ठरायचा, ते विचारू नये.

मला पक्ष्यांचा नाद लागला तो मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांनी. ते सोलापूरचे, म्हणून आधी जिव्हाळा. मग दुर्बीण आली आणि मी चित्रबलाक, पट्टकदंब असल्या भारदस्त नावांच्या मागे धावू लागलो. टिटवी काय, रोजचीच! पण ऊन तापलं की पट्टकदंब हिमालयापलीकडे निघून जातात, काठ ओका होतो, आणि तेव्हा हिच्याकडे लक्ष जातं.

घरटं म्हणावं असं काही नसतंच. ढेकळांत एक खळगा, कडेला चार खडे. आत बहुधा चार अंडी, निमुळती टोकं मधोमध जुळवलेली. मातकट रंगावर काळे ठिपके. नजर हलली की पुन्हा सापडत नाहीत. नर-मादी आळीपाळीनं बसतात. दुपारी एकजण पाण्यात उतरतो, पोटाची पिसं भिजवून घेतो आणि टणटण चालत येऊन ओल्या अंगानं अंड्यांवर बसतो. आपल्याकडच्या वैशाखात अंडी उबवण्यापेक्षा गार ठेवणं हेच मोठं काम.

पंचतंत्रात समुद्र टिटवीची अंडी पळवतो, गाऱ्हाणं गरुडामार्फत थेट विष्णूपर्यंत जातं आणि समुद्राला ती मुकाट परत करावी लागतात. उजनीला असला धाक नाही. इथलं आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, पुण्याकडच्या धरणांतून पाणी सुटतं आणि काठ वर सरकू लागतो. उशिराची अंडी त्यात जातात. दाद मागायची कुणाकडे? आजीच्या गावालाही ते उमगलं नव्हतं.

निदान आपल्या पायांनी तरी ती जाऊ नयेत. काठावर फिरताना टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर अंडी जवळच आहेत असं समजा. फोटोसाठी पुढे जाऊ नका, तिथंच बसून वाट पाहू नका. पायाखाली बघत आल्या वाटेनं मागे फिरा. ती उन्हात अंड्यांवरून फार वेळ उठून राहू शकत नाही.