बलस्थान कुठं संपतं, उणीव कुठं सुरू होते?

हार्ले रीड हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसेल. ऑस्ट्रेलियात मात्र वयाच्या अठराव्या वर्षापासून त्याच्या प्रत्येक सामन्याची चिरफाड होते. तो ‘ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल’ खेळतो, वेस्ट कोस्ट ईगल्स या पर्थच्या संघाकडून. मैदानातली त्याची जागा मिडफिल्डरची, म्हणजे मधल्या फळीची. त्याची बलस्थानं कोणती आणि उणिवा कोणत्या, याच्या याद्या तिकडं सतत निघतात. शिक्षक असल्यानं मला अशा याद्यांचं कुतूहल वाटतं. आमच्या वर्णनात्मक नोंदींच्या वहीतही असेच रकाने असतात : ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’. वर्षातून दोनदा आम्ही पोरांना या रकान्यांत बसवतो.

या खेळाकडे मी वळलो तो बशार हूलीमुळे. हूली मेलबर्नचा, लेबनानी कुटुंबातला. एएफएल या तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत आपल्या धर्माचं उघडपणे पालन करत खेळलेला पहिला मुस्लिम खेळाडू अशी त्याची ओळख आहे. रिचमंड संघाकडून त्यानं २०१७, २०१९ आणि २०२० अशी तीन विजेतेपदं पाहिली. त्याच्याबद्दल वाचता वाचता खेळ समजू लागला आणि पुढं रीडपर्यंत येऊन पोहोचलो. हूलीकडे पुन्हा येईनच, त्याआधी थोडं खेळाविषयी.

मैदान अंडाकृती, क्रिकेटच्या मैदानापेक्षाही मोठं असू शकणारं. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. चेंडूही लांबट. तो लाथेनं मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ढकलायचा. फेकायला मनाई. चेंडू घेऊन पळणाऱ्यानं दर पंधरा मीटरला तो जमिनीला टेकवायचा किंवा आपटायचा. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेनं थेट पाठवला तर सहा गुण, बाजूच्या खांबाच्या फटीतून गेला तर एक. वीस-वीस मिनिटांचे चार डाव, आणि खेळ थांबलेला वेळ वेगळा धरत असल्यानं प्रत्येक डाव त्याहून लांबतो.

यात मिडफिल्डरचं काम सगळ्यांत कष्टाचं. पंचानं चेंडू वर उडवला की दोन उंच खेळाडू झेपावतात, खाली पडणाऱ्या चेंडूवर मधली फळी तुटून पडते. गर्दीतून चेंडू काढायचा, पुढं पाठवायचा आणि तो विरोधकाच्या हाती गेला तर उलट्या दिशेनं तितक्याच वेगानं धावायचं. एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर पळणं ही मिडफिल्डरसाठी सामान्य गोष्ट.

रीड हा व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तरेकडच्या टोंगाला या छोट्या गावचा. एएफएलमध्ये नव्या खेळाडूंची निवड ‘ड्राफ्ट’ पद्धतीनं होते. जो संघ तळाला असेल, त्याला पहिली निवड करायचा हक्क. २०२३ साली वेस्ट कोस्ट तळाला होता. त्यांनी रीडला घेतलं. म्हणजे देशातला पहिल्या क्रमांकाचा तरुण खेळाडू सगळ्यांत हरणाऱ्या संघात, घरापासून अडीच हजार किलोमीटरहून दूर. अशा पोराच्या खांद्यावर काय ओझं पडलं असेल, हे यादीच्या कुठल्याच रकान्यात येत नाही.

त्याची बलस्थानं डोळ्यांत भरतात. गर्दीतून बाहेर पडताना पहिल्या चार-पाच पावलांत तो जो वेग घेतो, तो थक्क करणारा. अंगात ताकद अशी, की दोघं लोंबकळले तरी हा उभाच. त्याची खास खूण म्हणजे अंगावर येणाऱ्याला एका हातानं दूर सारत पळत राहणं. या हालचालीला तिकडं ‘डोंट आर्ग्यू’ म्हणतात, म्हणजे ‘वाद घालू नकोस’. रिचमंडचा डस्टिन मार्टिन यासाठी प्रसिद्ध होता आणि रीडची तुलना सुरुवातीपासून त्याच्याशीच झाली. पहिल्याच हंगामात, २०२४ मध्ये, मेलबर्न संघाविरुद्ध रीडनं केलेला गोल त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट गोल ठरला.

आता दुसरा रकाना. दमसास हा त्याच्यावरचा जुना आक्षेप. पहिल्या डावातला रीड आणि चौथ्या डावातला रीड यांत फरक जाणवतो. मधल्या फळीतून काढून त्याला पुढं, गोलजवळ उभं केलं जातं, त्यामागं त्याचं पुढचं कसब असतं तसंच त्याला श्वास मिळावा हा हिशेबही असतो. चेंडू हातात असताना तो जितका धावतो, तितका चेंडू गेल्यावर मागं धावत नाही. सोपा पर्याय समोर असताना आणखी एकाला चकवायचा मोह त्याला आवरत नाही. शिवाय विरोधी संघ एक माणूस केवळ त्याला चिकटायला ठेवतात. तो डिवचला गेला की चेंडूऐवजी त्या माणसाशीच खेळू लागतो.

ही यादी चुकीची नाही. पण ती नीट वाचली तर लक्षात येतं, की दोन्ही रकान्यांत एकच गोष्ट लिहिली आहे. जो हट्ट त्याला दोघांच्या मिठीतून सोडवतो, तोच हट्ट त्याला चेंडू वेळेत सोडू देत नाही. जो हात समोरच्याला दूर सारतो, तोच हात जून २०२४ मध्ये सेंट किल्डाच्या डार्सी विल्सनभोवती आवळला गेला.

विल्सनही त्याच ड्राफ्टमधून आलेला, पहिल्याच हंगामातला पोरगा. रीडनं त्याला पकडून गोल फिरवून जमिनीवर आपटलं. विल्सनचं डोकं आदळलं आणि त्याला कन्कशन झालं, म्हणजे मेंदूला धक्का बसला. या खेळात ही बाब आता हसण्यावारी नेली जात नाही. डॅनी फ्रॉली आणि शेन टक या माजी खेळाडूंच्या मृत्यूनंतर झालेल्या तपासणीत वारंवार डोक्याला मार बसल्यानं होणारा मेंदूचा आजार आढळला होता. कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान बारा दिवस खेळता येत नाही. रीडवर दोन सामन्यांची बंदी आली. निलंबित खेळाडूला ‘रायझिंग स्टार’ हा सर्वोत्तम नवोदिताचा किताब मिळत नाही, त्यामुळं प्रबळ दावेदार असूनही तो शर्यतीतून बाद झाला. किताब गिलाँगच्या ऑली डेम्प्सीला मिळाला.

मला ही शिक्षा योग्य वाटते. हेतू काय होता, यापेक्षा डोकं कुणाचं आदळलं, हे पाहणं गरजेचं होतं. पण त्यानंतर ‘हा पोरगा मुळातच उद्धट’ असा जो सूर काही ठिकाणी लागला, तो मला पटत नाही. शिक्षा कृत्याला झाली होती, स्वभावाला नव्हे.

इथं हूलीची आठवण येते. जून २०१७ मध्ये कार्लटनविरुद्धच्या सामन्यात त्याचा मागं फिरवलेला हात जेड लॅम्बच्या डोक्यावर बसला आणि लॅम्ब बेशुद्ध पडला. ट्रायब्युनलपुढं हूलीच्या चारित्र्याची ग्वाही देण्यात आली. ग्वाही देणाऱ्यांत तत्कालीन पंतप्रधान माल्कम टर्नबुल आणि पत्रकार वलीद अली होते. त्याचं समाजकार्य लक्षात घेऊन दोनच सामन्यांची बंदी झाली. एएफएलनं अपील केलं आणि बंदी चार सामन्यांची झाली.

तेव्हा अनेकांना ते कठोर वाटलं असेल. मला त्यात समाधान वाटतं. मुसलमान माणूस सार्वजनिक जीवनात आला, की त्याला एकतर आदर्श नमुना व्हावं लागतं, नाहीतर तो संशयित ठरतो. मधली जागा, साध्या माणसाची, त्याला सहसा मिळत नाही. त्याची चूक कौमच्या खात्यात जमा होते आणि चांगुलपणासाठी मोठ्या माणसाचा दाखला लागतो. चार सामन्यांच्या त्या निकालानं हूलीला इतर कुठल्याही खेळाडूसारखं वागवलं. दाखल्यानं शिक्षा कमी झाली नाही आणि शिक्षेमुळं दाखला खोटाही ठरला नाही. बंदी संपली, तो परतला आणि त्याच हंगामात विजेत्या संघात होता. २०१९ साली तर तो वर्षाच्या सर्वोत्तम संघात, ऑल-ऑस्ट्रेलियनमध्ये, निवडला गेला.

आपण ‘सब्र’ या शब्दाचा अर्थ सहन करत बसणं असा करून ठेवला आहे. अरबीत त्याच्या मुळाशी रोखून धरणं, आवरणं असा अर्थ आहे. ज्याच्याकडे ताकदच नाही, त्यानं आवरायचं काय? रीडला ताकद कमी करायची नाही. मिठी आवळल्यावर समोरच्याला फिरवायचं नाही, चेंडू अर्धा क्षण आधी सोडायचा, चौथ्या डावासाठी दम राखायचा, इतकंच शिकायचं आहे. हे ‘इतकंच’ शिकायला मात्र वर्षं लागतात आणि त्याच्या संघानं २०२५ च्या हंगामात तेवीसपैकी एकच सामना जिंकला होता. हरणाऱ्या संघात सब्र शिकणं सगळ्यांत अवघड.

वर्गात दांडगाई करणाऱ्या, उलट बोलणाऱ्या, प्रत्येक खेळात पुढं घुसणाऱ्या पोरांच्या नोंदी लिहिताना म्हणूनच मी ‘आक्रमक आहे’ असं लिहीत नाही. ‘खो-खोत गडी चटकन गाठतो, बाद झाल्यावर मैदान सोडायला वेळ लावतो’ असं लिहितो. पहिलं वाक्य पोराला चिकटतं, पुढच्या इयत्तेत त्याच्या आधी पोहोचतं. दुसऱ्यातली उणीव त्याला दुरुस्त करता येते.