केदारनाथाची चढण आणि यात्रेकरूंची प्रकृति

बारा ज्योतिर्लिंगांचा संकल्प करणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींस केदारनाथाची वाट बहुधा सर्वांत कठीण वाटते. हृषीकेशहून निघून, मंदाकिनीच्या खोऱ्यानें गुप्तकाशीवरून गौरीकुंड गांठावें, तेथून पायवाट. गौरीकुंड समुद्रसपाटीपासून सुमारें १,९८० मीटर उंच, तर केदारनाथ सुमारें ३,५८० मीटर. २०१३ च्या जूनमधील प्रलयांत मधलें रामबाडा हें ठाणें वाहून गेलें. पुढें वाटच नदीच्या पैलतीरानें नेण्यांत आली.

पूर्वीचा यात्रेकरू हरिद्वारापासून चट्टीचट्टीवर मुक्काम करीत पायीं जाई, आणि त्या संथ चालीनें शरीरास उंचीची सवय आपोआप होई. आजचा यात्रेकरू मोटारीनें गौरीकुंडापर्यंत येतो, किंवा हेलिकॉप्टरनें कांहीं मिनिटांतच केदारपुरीस उतरतो. श्रम वांचतात खरे. परंतु सवयीस लागणारा काळ मिळत नाहीं, आणि धोका तेथेंच आहे. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारें दोन-तृतीयांश भरतो, व प्रत्येक श्वासास प्राणवायु त्याच मानानें कमी मिळतो.

म्हणून गौरीकुंडाच्या आसपास एखादा मुक्काम अधिक करावा. हृद्रोग, दमा वा मधुमेह असणाऱ्यांनीं निघण्यापूर्वीं डॉक्टरांस प्रकृति दाखवावी, आणि नेहमींचीं औषधें खेचरावरील सामानांत न टाकतां जवळच्या पिशवींत ठेवावीं. दर्शनापर्यंत निर्जळ राहण्याचा नेम या चढणीवर करूं नये. मधुमेहाचें औषध घेऊन उपाशीं चालणें तर प्राणावर बेतूं शकतें.

डोकेदुखी, मळमळ, भोंवळ हीं उंची बाधल्याचीं पहिलीं लक्षणें होत. तीं दिसतांच चढणें थांबवावें. बसल्या जागीं धाप लागूं लागली, तोल जाऊं लागला किंवा बोलणें असंबद्ध झालें, तर देऊळ समोर दिसत असलें तरी मदत घेऊन तत्काळ खालीं उतरावें. नळकांड्यांतील प्राणवायूनें थोडा अवसर मिळतो. खरा उपाय उतरणें हाच.

परंतु ज्याचें भान सुटत चाललें, त्यास हें स्वतःस कळत नाहीं. आणि आपल्या घरांतून वडिलांचा शब्द मोडण्याची चाल नाहीं. तेव्हां वडिलांनींच निघण्यापूर्वीं सांगून ठेवावें कीं, "वाटेंत माझी प्रकृति बिघडली तर परत फिरण्याचें मुलानें वा सुनेनें ठरवावें, मी तें मानीन." भाऊबीजेस मिटणारीं तीं कवाडें उन्हाळ्यांत पुन्हां उघडतात. राहिलेलें दर्शन पुढील वर्षीं घेतां येईल.