बर्फाच्या उंबऱ्यावरचं सागवान

सीहॅम स्टेशन मागे पडलं की न्यूकॅसलहून हार्टलपूलला जाणारी गाडी थेट समुद्राच्या कडेला येते. खाली उत्तर समुद्र, राखाडी रंगाचा, भर जूनमध्येही बघूनच अंगावर काटा आणणारा. भाचा न्यूकॅसलला नोकरीला आहे. त्याला या देखाव्याचं काही कौतुक उरलेलं नाही, तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मी मात्र खिडकी सोडली नाही. आमचं पाटोदा बालाघाटाच्या माथ्यावर. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, गोदावरीला मिळते आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. पाटोदेकरांचं समुद्राशी पिढीजात नातं म्हणाल तर एवढंच.

हार्टलपूल हे जुनं बंदर. इथली माकडाची गोष्ट प्रसिद्ध आहे. नेपोलियनच्या लढायांच्या काळात एक फ्रेंच जहाज किनाऱ्यावर फुटलं आणि त्यातलं एक माकड तेवढं वाचलं. गावकऱ्यांनी फ्रेंच माणूस उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी माकडालाच हेर ठरवून फासावर चढवलं, असं सांगतात. निव्वळ दंतकथा असणार. पण गावाने ती अशी अंगाला लावून घेतलीय की इथल्या फुटबॉल संघाचा सोंगाड्या आजही माकडच आहे.

मी आलो होतो ते 'एचएमएस ट्रिंकोमाली' बघायला. हे तीन डोलकाठ्यांचं शिडाचं लढाऊ जहाज शाही नौदलाच्या संग्रहालयात गोदीच्या पाण्यावर उभं आहे. पुढच्या टोकाला, नाळेवर, लाकडात कोरलेला एक माणूस आहे. डोक्याला फेटा, ओठांवर भरघोस मिशी. भाच्याने तोंड उघडलं ते इथे. "मामा, ह्यो तर आपल्या जत्रेतला पाटील दिसतोय की!" आजूबाजूच्या गोऱ्या मंडळींना आम्ही का हसतोय ते कळलं नाही.

जहाज मुंबईचं. फोर्टातल्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानात बांधलेलं. पण बांधायचे आराखडे पहिल्यांदा मुंबईला पोहोचलेच नाहीत. ते घेऊन निघालेल्या 'जावा' या जहाजाला डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने गाठून निकामी केलं. त्याच 'जावा'वर मुंबईच्या नेमणुकीवर निघालेला टॉमस हिस्लॉप नावाचा सेनानी होता. तो कैद झाला, सुटला, आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर इंग्रजांचा सेनापती म्हणून हाच हिस्लॉप उभा राहिला. आणि तरंगत्या लढाऊ जहाजांत आज वयाने जगात पहिलं ते 'कॉन्स्टिट्यूशन', दुसरं हे 'ट्रिंकोमाली'. एवढे योगायोग कादंबरीत घातले तर संपादक कापून टाकेल.

आराखडे पुन्हा आले, १८१६ मध्ये काम सुरू झालं. पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरलं. पुढे चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचे दिवस भरले. आमच्या शेजारचं खर्डा, जिथे १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला नमवलं, त्याला तेव्हा पुरती तेवीस वर्षंही झाली नव्हती. पुण्यात राज्य बुडत होतं आणि मुंबईत आपलीच माणसं राज्यकर्त्यांसाठी तेवीस हजार पौंडांवर खर्चाचं जहाज उभं करत होती. दोन्ही गोष्टी एकाच पावसाळ्यानंतरच्या. शाळेत मला त्या एकत्र कुणी शिकवल्या नाहीत.

आत गेलो. वरच्या डेकवरून खाली उतरताना शिडीच्या दोराला हात घासला. तोफांच्या मजल्यावर दोन तोफांमध्ये दोरांनी टांगलेली जेवणाची फळी, वर झोळ्या अडकवायचे आकडे. त्याच्या खालच्या मजल्यावर तर वाकूनच चालावं लागतं. मी एका जाड तुळईवर तळहात ठेवला. लाकूड जवळजवळ काळं पडलंय, पण नखाने दाबलं तरी दबत नाही. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळ्यांना खातं. सागवानातलं तेल मात्र लोखंडाला सांभाळतं आणि वाळवीला, किडीला लांब ठेवतं. युरोपातल्या लढायांनी इंग्लंडमधला ओक सरत आला होता, तेव्हा नौदलाला मुंबईची आठवण झाली, यात नवल नाही.

गंमत म्हणजे जहाज इंग्लंडला पोहोचलं तोवर लढाई संपलेली. १८१९ मध्ये येताना वाटेत सेंट हेलेना बेटावर थांबून, तिथे कैदेत असलेल्या नेपोलियनला तपासणाऱ्या जॉन स्टोको या डॉक्टरला ते घेऊन आलं. मग पाव शतक बिनकामाचं पडून राहिलं.

मला खरी ओढ होती ती १८५४ सालची. सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन मे १८४५ मध्ये उत्तर ध्रुवाकडून आशियाची वाट शोधायला निघाले. नाळेवर लोखंडी पत्रा, पोटात रेल्वेची इंजिनं, बर्फाशी झुंजायची सगळी तयारी. १२९ माणसं बर्फात शिरली, एकही परतलं नाही. शोधासाठी जहाजांमागून जहाजं गेली. बेरिंगच्या सामुद्रधुनीकडून शिरणाऱ्या जहाजांना पीठ, मीठ, दारूगोळा पुरवायला प्रशांत महासागरातून कुणीतरी वर जायला हवं होतं. १८५२ मध्ये ते काम 'अ‍ॅम्फिट्राइट'ने केलं. तेही मुंबईच्याच गोदीतलं, १८१६ चं, याचं सख्खं भावंड. आणि १८५४ च्या उन्हाळ्यात अलास्काच्या पोर्ट क्लॅरेन्सला 'रॅटलस्नेक'साठी रसद घेऊन 'ट्रिंकोमाली' गेलं.

पण त्याच वर्षीच्या जानेवारीत लंडनमध्ये नौदलाने जाहीर करून टाकलं होतं की ३१ मार्चपर्यंत बातमी आली नाही तर फ्रँकलिन आणि त्यांची माणसं मृत समजून त्यांची नावं पटावरून कमी केली जातील. आणि त्याच वसंतात, बर्फाच्या दुसऱ्या टोकाला, डॉ. जॉन रे यांना इन्युइट लोकांकडून कळलं की ती माणसं उपासमारीने केव्हाच मेली. म्हणजे मुंबईचं जहाज शोध घेणाऱ्यांसाठी अन्न वाहत होतं तेव्हा ज्यांचा शोध चालला होता ते कागदोपत्री मेलेले होते. पोर्ट क्लॅरेन्सला ही बातमी कळायला मार्गच नव्हता.

'ट्रिंकोमाली' बर्फात घुसलं नाही. उंबऱ्यावर गेलं, गोण्या उतरवल्या, मागे फिरलं. म्हणून ध्रुवीय इतिहासाच्या पुस्तकांत याला फार तर एक ओळ मिळते. पुस्तकं अडकलेल्यांवर निघतात, बुडालेल्यांवर निघतात. 'एरेबस' २०१४ मध्ये आणि 'टेरर' २०१६ मध्ये समुद्राच्या तळाशी सापडलं, जगभर बातम्या झाल्या. ऊसतोडीचा हंगाम जवळून पाहिलेल्या माणसाला हा हिशेब नवा नाही. कारखान्याचं नाव होतं, बैलगाडी कुणी हाकली ते नोंदवहीत राहतं.

ओझं वाहणारं हे जहाज टिकलं मात्र. १८९७ मध्ये भंगारात विकलेलं, ते जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने विकत घेऊन 'फूद्रोयां' या नावाने मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरलं. १९८६ पर्यंत पोरं यावर शिकली. मग हार्टलपूलला दुरुस्ती, १९९२ मध्ये जुनं नाव परत.

नकाशावर याचं नाव मुंबईत कुठे नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटालगत, एका खाडीवाटेला 'ट्रिंकोमाली चॅनेल' म्हणतात ते याच्यावरून. परतीच्या गाडीत भाच्याने ते मोबाइलवर काढून दाखवलं.

"मामा, पुढल्या खेपेला इकडं जायचं का?"

"जाऊ की," मी म्हटलं, "पण आधी मुंबईला लायन गेटच्या आत, ज्या गोदीत हे बांधलं तिथे आपल्याला कुणी सोडतं का ते बघू. तिकडं आता नौदलाचा पहारा असतो."