व्हिकरची मुलगी

धर्मगुरूच्या मेजावर प्रेमकथेचे पुस्तक दिसले की पाहणाऱ्याच्या भुवया उंचावतात. सेमिनरीत आम्ही कादंबऱ्या वाचल्या त्या बहुधा ग्रॅहम ग्रीनच्या, पाप आणि पश्चात्ताप यांनी भारलेल्या. निव्वळ गंमत म्हणून वाचण्याची सवय तेथेच मोडली. जुन्या पुस्तकांच्या पेटीतून हाती आलेल्या जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेने ती आम्हांस पुन्हा लावली.

हेयरबाईंचा काळ १९०२ ते १९७४. आजारी भावाच्या करमणुकीसाठी रचलेली त्यांची गोष्ट १९२१ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्या अवघ्या १९ वर्षांच्या होत्या. पुढे त्यांनी पुष्कळ लिहिले. प्रसिद्धीपासून मात्र त्या कटाक्षाने दूर राहिल्या.

आम्हांस गवसलेली 'ॲराबेला' १९४९ सालची. कथेचा काळ मात्र वॉटर्लूच्या लढाईनंतरचा. नायिका यॉर्कशरमधील एका व्हिकरची, म्हणजे अँग्लिकन धर्मगुरूची, थोरली मुलगी. घरात भावंडे पुष्कळ, पैसा बेताचा. चांगले स्थळ मिळावे म्हणून धर्ममाता तिला लंडनला बोलावते. वाटेत गाडी मोडते आणि जवळच्या घराचा आसरा घ्यावा लागतो. घराचा मालक बोमॅरिस गडगंज श्रीमंत. ही पोरगी आपल्याला गळाला लावण्यासाठीच आली असावी, असे तो मित्राजवळ बोलतो आणि नेमके तेच तिच्या कानी पडते. संतापाच्या भरात, आपण मोठ्या संपत्तीच्या वारस आहोत अशी थाप ती ठोकते. बोमॅरिसला थाप उमगते, पण गंमत म्हणून तो ती लंडनभर पसरू देतो. मग कर्जबाजारी तरुणांची तिच्या दारी जी रीघ लागते, ती मुळातूनच वाचावी.

इथवर सारा खेळच. परंतु एके दिवशी धुराडे साफ करणारा एक पोर तिच्या खोलीत वरून कोसळतो. काजळीने माखलेला, मार खाल्लेला. आठ वर्षांखालील मुलांना या कामाला लावू नये असा कायदा इंग्लंडात १७८८ सालीच झाला होता. तो पाळला जात नव्हता, आणि ही प्रथा खऱ्या अर्थाने बंद पडली ती १८७५ च्या कायद्यानंतर. ॲराबेला त्या पोराच्या मालकाला पिटाळून लावते आणि पोराला चक्क बोमॅरिसच्या गळ्यात बांधते. पुढे एक भटके कुत्रेही त्याच्याच पदरी येते. त्या कुत्र्याशी तो ज्या गंभीरपणे हितगुज करतो, ते वाचताना आम्ही इतके हसलो की आमचा आचारी दारातून डोकावून गेला!

इंग्रजी विनोदी कादंबरीत धर्मगुरू बहुधा हास्यास्पद ठरतो. जेन ऑस्टिनचा मिस्टर कॉलिन्स आठवावा. येथे तसे नाही. व्हिकर कथेत थोडाच वेळ येतो, पण त्याची शिकवण मुलीच्या अंगात भिनलेली आहे, म्हणूनच स्वतःची थाप तिला आतून जाळते आणि त्या पोराकडे पाठ फिरवणे तिला जमत नाही. एवढे मात्र खटकले की तिच्या खोटेपणाची आणि जुगारात बुडालेल्या तिच्या भावाची सुटका अखेर श्रीमंताची थैलीच करते. पापनिवेदन ऐकणाऱ्याला ही पापमुक्ती फारच स्वस्त वाटते.

मग मोठ्या उत्साहाने आम्ही बाईंची 'द ग्रँड सोफी' वाचावयास घेतली. ही १९५० सालची. तीही खळखळून हसवते. पण नायिका एका यहुदी सावकाराकडे जाते त्या प्रकरणाशी आमचे हसू थांबले. घाणेरडा, लोभी, लाचार: द्वेषाने शतकानुशतके रंगवलेले तेच चित्र, आणि तेही हिटलरच्या छळछावण्या उघड झाल्यावर पाचच वर्षांनी. यहुदीद्वेषाचा स्पष्ट निषेध करणारे 'नोस्त्रा एताते' हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे घोषणापत्र १९६५ चे. म्हणजे हा धडा आपल्या ख्रिस्तसभेलाही नीट मांडावयास वेळ लागलाच. तरीही मनात येते, काजळीखालचे मूल जिला दिसले त्याच लेखणीला एका वर्षात हा माणूस का दिसू नये?

तरुणांच्या हाती 'ॲराबेला' देताना आम्ही जराही कचरत नाही. 'सोफी'ही मागितली तर देतो. मात्र ते प्रकरण वाचून झाले की आमच्याकडे या, चहा घेत त्यावर बोलू, असे सांगून.