हार्डनॉटचा चढ आणि क्लचचा वास

लेक डिस्ट्रिक्टला गेलेली आपली मंडळी बहुधा विंडरमिअरची बोट आणि ग्रासमिअरची जिंजरब्रेड यावर समाधान मानून परततात. अँबलसाइडहून पश्चिमेला एस्कडेलकडे जाणारा डोंगरी रस्ता फारसे कुणी घेत नाही. लिटल लँगडेलवरून तो आधी रायनोज खिंड चढतो, पलीकडे उतरतो, आणि श्वास घेतो न घेतो तोच समोर हार्डनॉट खिंड उभी. दोन्ही खिंडी चारशे मीटरच्या आतल्या, म्हणजे महाबळेश्वरापुढे टेकड्याच! पण उंचीवर जाऊ नका. आपला पसरणी घाट वळणे घेत निवांत चढतो. हार्डनॉटचा चढ काही ठिकाणी तीनास एक आहे, आणि रस्ता जेमतेम एका गाडीपुरता.

ऑटोमॅटिकवाल्यांनी इथे पान उलटले तरी चालेल. ज्यांच्याकडे अजून हाताने गिअर टाकायची गाडी आहे, त्यांच्यासाठी हा रस्ता म्हणजे क्लचची तोंडी परीक्षा.

आमच्या गाडीची ती रायनोजवरच झाली. मागे आई-अप्पा, परतीच्या विमानाला आठवडा उरलेला, आणि अप्पांना हार्डनॉटवरचा रोमन किल्ला बघायचाच होता. शेवटच्या चढावर इंजिन एकदम ओरडू लागले, पण गाडीचा वेग काही वाढेना. पाठोपाठ जळका वास. अप्पांनी उमेदीची वर्षे साताऱ्याकडच्या घाटांत गाडी हाकण्यात घालवलेली. ते मागून शांतपणे म्हणाले, "प्लेट घसरतेय रे. खाली सपाटीला थांब."

क्लचची प्लेट इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये स्प्रिंगच्या जोराने दाबून धरलेली असते. ही पकड सैल झाली की इंजिन फिरते, चाकांपर्यंत जोर पोचत नाही, आणि घर्षणाने प्लेट भाजून निघते. सपाट रस्त्यावर हे महिनोन् महिने कळत नाही. चढ मात्र चुगली करतो.

दोन खिंडींच्या मध्ये कॉकली बेकचा पूल आहे. तिथे गाडी अर्धा तास थंड होऊ दिली, थर्मासमधला चहा संपवला आणि अप्पांनी परीक्षा घ्यायला लावली. सपाट जागा, पुढे मोकळे, कोणी उभे नाही. हँडब्रेक घट्ट, पाय ब्रेकवर, तिसरा गिअर, आणि क्लच हळूहळू सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडते. आमचे कुरकुरत, रेंगाळत बंद पडले. ही परीक्षा एकदाच घ्यावी. पुन्हा पुन्हा घेतली तर उरलेली प्लेटही जाते.

पुलाजवळ रस्ता फुटतो. उजवीकडे हार्डनॉट, नाहीतर डडन नदीच्या काठाने खाली ब्रॉटनकडे. "एवढे आलोय तर..." असे आईच्या तोंडून निघालेच. पण हार्डनॉटच्या वळणावर क्लचने दगा दिला तर मागे उतारावर गाडी रिव्हर्स घेत उतरायची, तीही मागे चार गाड्या खोळंबलेल्या असताना. आम्ही नदीकाठ धरला. ती दरी इतकी सुंदर आहे की किल्ल्याची हळहळ अर्धी तिथेच विरली. अर्धीच!

गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवल्यावर कारण निघाले. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल झिरपून प्लेटवर आले होते. नुसती प्लेट बदलली असती तर नवीही तेलात भिजली असती. सील, प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग सगळे एकदमच बदलून घेतले, कारण खरी मजुरी गिअरबॉक्स काढण्या-घालण्याची असते. गिअर टाकताना खरखर होत असेल किंवा पेडल खालीच राहत असेल, तर दोष बहुधा प्लेटचा नसतो. क्लचची केबल किंवा ऑइल आधी पाहायला सांगा. पेडल दाबल्यावरच किंचाळल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग.

आणि चढावर गाडी हाफ क्लचवर धरून उभी करायची आपली मुंबईची सवय इथे विसरावी. हँडब्रेक कशासाठी दिलाय? अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी असे इथले हायवे कोड सांगते. आपल्या घाटांतही तोच रिवाज. तेव्हा उतरताना तुम्हीच बाजूला थांबा. हिवाळ्यात बर्फ असेल तर या वाटेला फिरकूही नका.

परतीच्या दोन दिवस आधी पुन्हा गेलो. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता हार्डनॉट चढलो. पलीकडच्या उतारावर किल्ला आहे, मेडिओबॉग्डम नावाचा, सम्राट हेड्रियनच्या काळातला. दुसऱ्या शतकात इथे डाल्मेशियाची, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्याकडची, पलटण होती. उबदार समुद्रकाठची ती माणसे या वाऱ्यात कशी राहिली असतील, असे म्हणत आईने शाल डोक्यावरून घेतली. अप्पा धान्यकोठाराच्या भिंती पावलांनी मोजत फिरत होते. त्यांना खाली बोलावून आणायला तासभर लागला.